साधी, परवडणारी इलेक्ट्रिक गाडी: कोल्हापूरकरांनो, तुमचा अनुभव सांगा

साळोखेनगरकर (धागाकर्ता)

कोल्हापूर आणि आसपासच्या मंडळींसाठी हा धागा काढतोय. विषय इलेक्ट्रिक गाडीचा आहे, पण टॉर्क किती, शून्य ते शंभर किती सेकंदात, असल्या चर्चेसाठी नाही. त्यासाठी यूट्यूबवर माणसं बसलेली आहेत. मला विचारायचंय ते साध्या घराबद्दल. महिना चाळीस-पन्नास हजारांची मिळकत, दारात एक दुचाकी, आणि आता आईचं वय, पोरांची शाळा आणि आपल्याकडचा पाऊस यामुळं चारचाकीवाचून भागत नाही असं घर. रोजचं फिरणं शहरातलं. अधूनमधून वाडीला दत्ताला, जोतिबाला, नाहीतर गावाकडं. अशा घरानं इलेक्ट्रिक घ्यायचं मनात आणलं तर त्याला घेता येईल असं काय आहे?

मी शोधलं ते असं. सगळ्यात स्वस्तात टाटाची टियागो आणि एमजीची कॉमेट. टियागो ईव्ही सप्टेंबर २०२२ मध्ये ८.४९ लाखांना आली, कॉमेट पुढच्या एप्रिलमध्ये ७.९८ लाखांना. पुढं टियागोही आठ लाखांच्या आत आली. त्याच्यावर पंच, नेक्सॉन आणि मग त्याहून महागडी धुडं. तिकडं सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर उतरला आणि एस-प्रेसो ३.४९ लाखांपासून, अल्टो ३.६९ लाखांपासून मिळायला लागली. म्हणजे इलेक्ट्रिकची सुरुवातच पेट्रोलच्या दुपटीनं. टियागो-कॉमेटपेक्षा स्वस्त, बॅटरीसकट विकत मिळणारी, चार माणसं बसतील अशी एकही इलेक्ट्रिक मला सापडली नाही. भाड्याच्या बॅटरीचा प्रकार वेगळा, त्यावर कुणीतरी बोलावं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. साध्या माणसाची गाडी बनवण्यात कुणाला रस उरलेला नाही. सगळ्यांना एसयूव्ही विकायची आहे. पटत नसेल तर खोडून काढा, पण अनुभवानं. सांगताना गाडी कुठं उभी राहते, चार्ज कुठं होते, घेतली नसेल तर कशानं अडलं, एवढं जरूर लिहा. शोरूमवाल्यांनी कृपा करून नंबर टाकू नयेत.

गडहिंग्लजची मास्तरीण

मी घेतलीय, टियागो, लहान बॅटरीची, १९.२ किलोवॅट-अवरवाली, म्हणजे १९.२ युनिट वीज मावणारी. शाळा घरापासून पंचवीसेक किलोमीटरवर. आधी एसटी, मग स्कूटी, मग कमरेचं दुखणं, आणि मग ही गाडी. त्यामुळं माझ्या बोलण्यात थोडा कैवार येणार, तो वजा करून वाचा.

कागदावर २५० किलोमीटर लिहिलंय. तो आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो, सगळ्याच कंपन्यांचा. रस्त्यावर एसी लावून, आपल्या चढउतारांवर दीडशे-पावणेदोनशे धरून चालायचं. माझं रोजचं येणंजाणं पन्नास. म्हणजे एकाआड एक रात्री लावली तरी भागतं. मला यापेक्षा मोठी बॅटरी नकोच होती, आणि खरं सांगायचं तर याच्याहीपेक्षा लहान चालली असती. शंभर किलोमीटर खात्रीनं जाणारी, पाच लाखांची गाडी असती तर आमच्या स्टाफरूममधल्या निम्म्या बायकांनी घेतली असती. त्यांचा रोजचा हिशेब माझ्यासारखाच आहे, फक्त आठ लाख नाहीत.

आता चार्जिंग. आमचं गावातलं घर, पुढं अंगण, त्यामुळं जागेचा प्रश्न नव्हता. प्रश्न अर्थिंगचा होता. जुनं वायरिंग, अर्थिंगची तार नळाच्या पाइपाला बांधलेली. गाडीनं पहिल्याच रात्री चार्जिंग घ्यायचं नाकारलं. वायरमननं अंगणात खड्डा काढून, कोळसा-मीठ घालून प्लेट पुरली, मीटरपासून वेगळी जाड वायर ओढली, १५ अँपियरचं चांगलं सॉकेट बसवलं. घराचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागला. ज्यांचं घर जुनं आहे त्यांनी गाडीच्या किमतीत हे धरावं, शोरूममध्ये कुणी सांगत नाही.

दुसरं म्हणजे व्होल्टेज. ऊस-पाण्याच्या दिवसांत सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की दिवे मिणमिणतात, आणि गाडी चार्ज व्हायला जास्त वेळ घेते. मी रात्री अकरानंतर लावते, तेव्हा ठीक असतं.

बाकी क्लच नाही, गिअर नाही, आवाज नाही. गळितात ऊसाच्या ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या डुलत निघालेल्या असतात, त्यांच्यामागं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडण्याचा त्रास संपला, हे सुख पैशात मोजता येत नाही.

पेठेतला

मास्तरीणबाई, तुमाला अंगण हाय ओ. आमचं शिवाजी पेठेत घर. बोळ एवढा की समोरनं रिक्षा आली तर एकानं मागं घ्यायची. गाडी घरापास्नं लांब, जिथं जागा गावंल तिथं लावायची, आणि रातच्याला कोण काढाय लावंल काय नेम न्हाई.

कॉमेट बघाय गेल्तो. तीन मीटरबी लांब न्हाई ती, २,९७४ मिलिमीटर. आमच्या बोळासाठीच जनू बनवल्या. दोनच दारं, पर मागं पोरं बसत्यात निवांत. मंडळींनी बी पसंत केली. सगळं जमलं आणि शोरूममधला पोरगा म्हनला, चार्जर कुठं बसवायचा?

आता सांगा काय सांगू त्येला. पहिल्या मजल्याच्या खिडकीतनं वायर सोडली तर खालच्या काकी म्हनत्यात आमच्या दारावरनं वायर न्हाई न्यायची. आणि गाडी दारात आली तर वायर. ती येतीया कुठं? भर पावसात रस्त्यावरनं शंभर फूट वायर ओढून कोन झोपंल का? चिल्लीपिल्ली उघड्या पायानं फिरत्यात.

शेवटाला जुनी वॅगनआर घेतली, पेट्रोल. नाद सोडला. गाडी लहान काढून उपेग न्हाई, लहान घरवाल्यानं ती भरायची कुठं ह्येचा बी इचार कोनीतरी केला पायजे की.

शिरोलीचा फाउंड्रीवाला

धागाकर्त्याचं मत अर्धं बरोबर आहे. रस नाही हे खरं, पण का नाही हे बघितलं पाहिजे. मी गाड्यांच्या कास्टिंगच्या धंद्यात आहे, त्यामुळं खर्चाचा कागद रोज बघतो.

लहान इलेक्ट्रिक गाडी आपल्या देशाला नवी नाही. बंगळुरूची रेवा २००१ मध्ये रस्त्यावर आली होती. लंडनमध्ये ती जी-विझ नावानं विकली गेली. २०१० मध्ये महिंद्रानं ती कंपनी घेतली, २०१३ मध्ये ई-टू-ओ काढली. दोन दारांची, शहरापुरती, हा धागा जी मागतोय जवळजवळ तशीच गाडी. खपली नाही. तेव्हा चार्जिंग नव्हतं, बॅटरी महाग होती, आणि तेवढ्या पैशांत पेट्रोलची ऐसपैस गाडी मिळायची. तीच अडचण आजही आहे, थोड्या कमी प्रमाणात.

हिशेब असा. ब्लूमबर्गएनईएफ या ऊर्जाक्षेत्राच्या अभ्यास संस्थेच्या पाहणीत २०२४ मध्ये बॅटरी पॅकची जगभरची सरासरी किंमत किलोवॅट-अवरला ११५ डॉलर होती. वीस किलोवॅट-अवरची बॅटरी म्हणजे २,३०० डॉलर, आपले दोन लाखांच्या आसपास. त्यावर मोटर, इन्व्हर्टर, गाडीतला चार्जर, बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा. वीस लाखांच्या गाडीत हे सगळं सहज लपतं. पाच लाखांच्या गाडीत बॅटरीच चाळीस टक्के खाऊन बसते आणि उरलेल्या तीन लाखांत बॉडी, सीट, एअरबॅग, ब्रेक, टायर, कर आणि डीलरचं कमिशन बसवायचं. मार्जिन राहत नाही. मालक म्हणून मी तरी काय करीन? मोठी गाडी बनवीन.

आता सरकारचं. इलेक्ट्रिक वाहनांसाठीच्या केंद्राच्या फेम-२ योजनेत, म्हणजे २०१९ ते २०२४, चारचाकीला अनुदान होतं ते टॅक्सीसाठी. घरच्या गाडीला नव्हतं. ऑक्टोबर २०२४ पासून पीएम ई-ड्राइव्ह आली, त्यात दुचाकी, तीनचाकी, बस, ट्रक, रुग्णवाहिका धरल्या, कार धरली नाही. कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंतची आयकर सवलत होती, कलम ८०ईईबी, ती मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच. राहिला जीएसटी. इलेक्ट्रिकला २०१९ पासून ५ टक्के आहे आणि लहान पेट्रोलला सेससकट २९ होता. म्हणजे २४ टक्क्यांचा फरक. तो आता १३ वर आला. लहान पेट्रोल गाडीवरचा कर कमी झाला याचं मला वाईट वाटत नाही, माझी कास्टिंग्ज तिच्यातच जातात. पण लहान इलेक्ट्रिकचा जो काय जम बसत होता त्याला यानं धक्का बसला, हे मान्य करायला हवं.

एक गोष्ट मात्र मलाही कळलेली नाही. रेनॉची क्विड चेन्नईला बनते. तिचीच इलेक्ट्रिक बहीण २०१९ मध्ये चीनमध्ये विकायला आली, २०२१ मध्ये डाचिया स्प्रिंग म्हणून युरोपात गेली आणि तिथल्या स्वस्त इलेक्ट्रिकमध्ये गणली गेली. आपल्याकडं पेट्रोलवाली फिरते, इलेक्ट्रिक नाही. चीनमध्ये वुलिंगनं २०२० मध्ये ९.२ किलोवॅट-अवर बॅटरीची चिमुकली गाडी २८,८०० युआनला काढली, तेव्हाचे तीन लाख रुपये. तिथं ती धडाधड खपली. बॅटरी लहान ठेवली की गाडी स्वस्त होते, त्यात गूढ काही नाही. आपल्याकडं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, "पुण्याला जाईल का?" आणि कंपनी त्या एका प्रश्नासाठी बॅटरी मोठी करत जाते.

जाता जाता आमच्या पोटाचं. सिलिंडर ब्लॉक, हेड, फ्लायव्हील, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, यातलं काहीच इलेक्ट्रिकमध्ये नसतं. ब्रेक ड्रम आणि हब राहतात. मोटरचं हाउसिंग ॲल्युमिनियमचं, आणि आपल्याकडं बहुतेकांच्या भट्ट्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या. शिरोली, गोकुळ शिरगावात याची चर्चा चहाच्या टेबलावर असते. त्यामुळं साधी इलेक्ट्रिक येत नाही म्हणून इथं सगळेच दुःखी आहेत असं समजू नका.

पतसंस्थेतली आकडेमोड

धागाकर्त्यांनी भाड्याच्या बॅटरीबद्दल विचारलंय. मी कॉमेटसाठी हा हिशेब केला होता, कागद अजून आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये योजना जाहीर झाली तेव्हा गाडी ४.९९ लाखांना आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरला अडीच रुपये होतं. वीज वेगळी. बॅटरी १७.३ किलोवॅट-अवरची. घरच्या मीटरवर वरच्या स्लॅबमध्ये युनिट दहा-बारा रुपयांना पडतं, युनिटला नऊएक किलोमीटर धरले तर किलोमीटरला साधारण १ रुपया २० पैसे. भाड्यासकट ३.७०. पेट्रोल १०५ आणि शहरात लिटरला १८ किलोमीटर धरले तर पेट्रोल गाडी ५.८३. किलोमीटरमागं वाचले सव्वादोन रुपयांच्या आत.

आता गाडीच्या किमतीतला फरक. अल्टोचं सगळ्यात खालचं मॉडेल ३.६९. त्यावर महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के मोटार वाहन कर, म्हणजे चाळीस हजार. इलेक्ट्रिकला हा कर माफ. फरक उरला नव्वद हजारांच्या आसपास. तो भरून यायला साधारण बेचाळीस हजार किलोमीटर पळवायला हवं. आमची गाडी महिन्याला आठशे पळते. चार वर्षांहून जास्त लागतील. थर्ड पार्टी विम्यात इलेक्ट्रिकला १५ टक्के सूट आहे, ती धरा, सर्व्हिसिंगचा खर्च कमी, तोही धरा, तरी तीन वर्षांच्या खाली येत नाही.

बॅटरी स्वतःची असेल तर किलोमीटरचा खर्च एकदम खाली येतो, पण मग सुरुवातीलाच काही लाख जास्त, आणि त्यावर कर्जाचं व्याज. म्हणजे जो रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरतो त्याला इलेक्ट्रिक परवडते, आणि त्यालाच लहान गाडी पुरत नाही. जो वीस किलोमीटर फिरतो त्याला लहान गाडी पुरते, पण पैसे वसूल होत नाहीत. हे कोडं मला सुटलं नाही. आम्ही अजून काहीच घेतलेलं नाही. दुचाकी आणि रिक्षा चालू आहे, पावसात चिडचिडही चालू आहे.

कळंब्याचा बंड्या

एवढं कशाला? सीएनजी घ्या, गप बसा.

पतसंस्थेतली आकडेमोड

@बंड्या, सीएनजीच्या रांगेत उभं राहायचा तासाचा दर मी धरला नव्हता. धरते.

अंबाबाई ते जोतिबा

मी टुरिस्ट गाडी चालवतो. अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, वाडी असं एका दिवसाचं दर्शन. ही सगळी फिरती दोनशेच्या आत बसते. मोठ्या बॅटरीची इलेक्ट्रिक दिवसभर चालते, दुपारी गिऱ्हाईक जेवायला बसलं की थोडी भरून घेता येते. म्हणून दोस्ताबरोबर भागीत एक घेतली. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, गाडीचा दोष नाही.

जोतिबाचा डोंगर चढताना टक्के भराभरा उतरतात आणि गिऱ्हाईकाचं लक्ष रस्त्यापेक्षा स्क्रीनवर. "पोचू ना हो?" उतरताना काही टक्के परत मिळतात, तेव्हा त्यांना गंमत वाटते. आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलो तर खाली पोचेपर्यंत चार्ज वाढलेला दिसतो. फक्त यायच्या वेळी तोच घाट सगळं वसूल करतो, हे त्यांना सांगायचं नाही.

अडतं ते पुण्यात. विमानतळावर सोडायचं भाडं आलं की २३० किलोमीटर. महामार्गावर चार्जर आहेत, ॲपवर हिरवे दिसतात, तिथं गेलं की एक बंद आणि दुसऱ्यावर आधीच कोणतरी. एकदा पहाटेच्या विमानाचं गिऱ्हाईक होतं आणि आमच्या पुढं दोघं थांबलेले. त्या माणसाला दुसऱ्या टॅक्सीत बसवून दिलं, भाडं आम्ही भरलं. तेव्हापासून पुण्याचं भाडं दोस्ताच्या सीएनजीवर, दर्शनाचं इलेक्ट्रिकवर.

टोलमाफीचं ऐकून लोक विचारतात. ऑगस्ट २०२५ पासून माफी झाली ती मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, आमचे चारही नाके पावती फाडतात. टोलविरुद्ध अख्खं शहर रस्त्यावर उतरलेलं हे गाव, आणि माफी मिळाली दुसऱ्यांच्या रस्त्याला.

लहान इलेक्ट्रिक मला धंद्याला उपयोगाची नाही, बॅगा बसत नाहीत. पण बायकोला घ्यायचीय, पोरीच्या क्लाससाठी. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं असलेली घरची गाडी. त्यासाठी आठ लाख? त्यात मी धंद्याची दुसरी गाडी जुनी बघीन.

शाहूपुरी सखल भाग

कुणीच पुराचं बोलत नाही म्हणून लिहितो. २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा आमच्या पार्किंगमध्ये पाणी होतं. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे, त्या दोन्ही पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. पहिल्या वेळी पेट्रोल गाडी बुडाली. इंजिन खोललं, वायरिंग बदललं, सीटं उन्हात वाळवली, आणि ती गाडी अजून चालते. मिस्त्रीनं केलं सगळं, उद्यमनगरात.

इलेक्ट्रिक बघायला गेलो तेव्हा विचारलं, पुरात काय? उत्तर आलं, बॅटरी आयपी ६७ आहे, पाण्यात काही होत नाही. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. आमच्याकडं पाणी पुरुषभर आणि उतरायला आठवडा. त्या गाळाच्या पाण्यात बॅटरी गेली तर दुरुस्ती कोण करणार, उद्यमनगरातला मिस्त्री ते डबं उघडणार का, आणि विमा कंपनी बॅटरीची पूर्ण किंमत देणार का, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरं मागितली. अजून आलेली नाहीत. भाड्याच्या बॅटरीवर तर चौथा प्रश्न आहे, बुडालेली बॅटरी कुणाची?

आम्ही आता पाणी ३९ फुटांवर, इशारा पातळीला आलं की गाड्या राजारामपुरीच्या वरच्या गल्ल्यांत नातेवाइकांकडं नेऊन लावतो. अख्खी गल्ली हेच करते. इलेक्ट्रिक असली तर एक गोष्ट जास्त, पूर्ण चार्ज करून न्यायची, कारण त्या काळात वीज कधी येईल सांगता येत नाही. साधी गाडी म्हणजे माझ्या लेखी जी गावातल्या मिस्त्रीला दुरुस्त करता येते ती. किंमत नंतर.

निवृत्त, ताराबाई पार्क

वय बहात्तर. गुडघ्यांनी क्लच दाबायला नकार दिल्यावर मुलानं पुण्याहून वापरलेली इलेक्ट्रिक गाडी आणून दिली. घेण्याआधी त्यानं बॅटरीची तब्येत दाखवणारा अहवाल सेवा केंद्रातून काढून घेतला, आणि आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची बॅटरीची हमी दुसऱ्या मालकाला लागू राहते का हेही लिहून घेतलं. वापरलेली घेणाऱ्यांनी हे दोन कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नव्यापेक्षा बऱ्याच कमी पैशांत काम झालं. पाच-सहा लाखांत बॅटरीसकट इलेक्ट्रिक हवी असेल तर आज तरी हाच एक मार्ग दिसतो, कारण जुन्या इलेक्ट्रिकला लोक घाबरतात आणि भाव पडतो.

तक्रार स्क्रीनची. एसीचा वारा कमी करायला मला चष्मा बदलावा लागतो. आमच्या फियाटला तीन बटणं होती, अंधारातही हाताला लागायची. या गाडीला फोन जोडा, ॲप घ्या, पासवर्ड द्या, आणि मग ती माझ्या मुलाला पुण्यात कळवते की बाबा कुठं आहेत. मला नको आहे हे. मोटर, बॅटरी, चाकं, चार बटणं आणि पंखा एवढीच गाडी द्या, पैसे कमी घ्या. तरुण मुलं म्हणतात स्क्रीन नसेल तर गाडी खपत नाही. खपत असेल त्यांची.

सकाळी रंकाळ्याला फिरायला, मग भाजी, दवाखाना, संध्याकाळी कधी देवळात. गाडी आठवड्यातून एकदा चार्ज होते.

ऊसवाला, करवीर

छतावर ३ किलोवॅटचं सोलर बसवलंय, पीएम सूर्यघर योजनेतून ७८ हजारांचं अनुदान मिळालं. गाडी दुपारी घरीच असते, त्यामुळं चार्जिंगचा वेगळा खर्च जाणवत नाही. पण मला कार घ्यायची नव्हतीच. पाच पोती वैरण, दुधाचे कॅन आणि गरज पडली तर चार माणसं नेणारं काहीतरी हवं होतं. कार घेतली कारण तसलं काही मिळालं नाही. मागची सीट पाडून पेंडीची पोती टाकतो, घरातनं बोलणी खातो.

पावसाळ्यात सोलर निम्म्यावर येतं, हे विकणारा सांगत नाही. तेवढे दिवस बिल येतं.

साळोखेनगरकर (धागाकर्ता)

वाचतोय सगळं. फाउंड्रीवाल्यांचं पटलं, रस नाही यापेक्षा हिशेब बसत नाही हे जास्त खरं. पण "पुण्याला जाईल का" हा प्रश्न गिऱ्हाईकाला कुणी शिकवला? जाहिरातीत गाडी लडाखला नेऊन दाखवायची आणि मग गिऱ्हाईकच मोठी बॅटरी मागतं म्हणायचं. गाडी कळंब्यापासून शाहूपुरीपर्यंत भाजीच्या पिशव्या घेऊन जाताना दाखवली असती तर गिऱ्हाईकानं वेगळं मागितलं असतं.

पुण्याच्या वायवे कंपनीच्या ईव्हाबद्दल कुणाला माहिती आहे का? जानेवारी २०२५ मध्ये ३.२५ लाखांपासून किंमत जाहीर केली होती, बॅटरीचं भाडं वेगळं, छपरावर सोलर, सगळ्यात लहान बॅटरी ९ किलोवॅट-अवरची. दोन मोठी माणसं आणि एक मूल एवढीच जागा. आमच्या घरात आई धरून पाच, म्हणून मी थांबलो. कुणी प्रत्यक्ष चालवली असेल तर लिहा.

शिरोलीचा फाउंड्रीवाला

चालवली नाही, प्रदर्शनात बसून बघितलीय. मागचा माणूस आजी असेल तर तिला बसवायला आणि उतरवायला दोघं लागतील. बाकी कल्पना बरोबर दिशेची आहे. चाळीस टक्के बॅटरीचं गणित त्यांनी बॅटरी लहान करून सोडवलंय. सर्व्हिस कोल्हापुरात कोण देणार, हे विचारूनच पैसे गुंतवा.

तालीम कार्यकर्ता

@पेठेतला, भावा तुझं वाचून सुचलं. आपल्या पेठांत घरोघरी पार्किंग न्हाई, पर तालमी हायत, मंडळांच्या जागा हायत, आणि तिथं मीटर बी हाय. तालमीच्या भिंतीला दोन पॉइंट काढायचे, रातच्याला पाळीपाळीनं गाड्या लावायच्या. युनिटमागं दोन रुपयं मंडळाला. गणपतीची वर्गणी कमी पडणार न्हाई.

पेठेतला

आयडिया भारी हाय. पर फुटबॉलच्या दिवसांत पाटाकडील तालमीवाल्यांची गाडी शिवाजी मंडळाच्या प्लगला कोन लावून घेईल? फायनल हरल्यावर सकाळी चार्जिंग शून्य.

गडहिंग्लजची मास्तरीण

चेष्टा राहू दे, हे होण्यासारखं आहे. फक्त तालमीच्या चालू मीटरवर करू नका. गाड्यांच्या चार्जिंगसाठी वीजदराचा वेगळा वर्ग आहे, त्या वर्गात वेगळं कनेक्शन मागा आणि त्याच्यावर दोन्ही पॉइंट घ्या. अर्ज करताना जागेच्या मालकीचा कागद लागेल, तालमीची जागा नेमकी कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. आणि अर्थिंग नव्यानं करा.

तालीम कार्यकर्ता

जागा कुणाच्या नावावर हाय ह्यावरच आमची दर वर्षी मीटिंग मोडती. रविवारी बसतोय, विषय काढतो. अर्थिंगचा खर्च साधारण किती आला तेवढं सांगा.